परातीत दिसलेला नवरा

दर गुरुवारी सकाळी पंचवटीत दिंडोरी नाक्याच्या अलीकडची ती गल्ली स्कूटरींनी भरून जायची. मध्येच एखादी मारुती अडकायची आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून दरबारातल्या मंत्रांना साथ द्यायचा. हा दरबार होता त्रिकालदर्शी श्री दर्पणानंद महाराजांचा. साल २००६.

इथे कुणी मूल मागायला येत नसे, कुणाच्या अंगातलं भूतही उतरत नसे. इथे यायचे ते दुकानदार, क्लासवाले, टाइल्सचे डीलर, बेकरीवाले, मंगल कार्यालयांचे मालक. जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच असायचा: समोरचा काय करतोय? महाराज पुढ्यातल्या पितळी परातीत गोदावरीचं पाणी ओतून घ्यायचे, त्यात हळदीचा एक थेंब टाकायचे आणि डोळे बारीक करून समोरच्याचं दुकान बघायचे. मोठ्या कंपन्या या कामासाठी सुटाबुटातली माणसं पगारावर ठेवतात. नाशिकच्या व्यापाऱ्यांचं परातीत भागत होतं.

मी अशोक स्तंभाजवळ छपाईचा प्रेस चालवतो. महाराजांची पत्रकं मीच छापायचो. देव कुणाचाही असो, शाई माझी. अशाच एका गुरुवारी पत्रकांचा गठ्ठा पोचवायला गेलो, तर पहिल्या रांगेतून ढुंढिराज बेळ्यांनी मला हाताने खुणावून शेजारी बसवलं. बेळे म्हणजे रविवार कारंजावरचे फराळवाले. चिवडा, चकली, भाजणीची पिठं. त्यांची पाकिटं मी छापतो. त्यांचा धंदा जोरात होता, पण पंडित कॉलनीतल्या सुधाताई गायधनींनी त्यांची झोप उडवली होती. सुधाताईंची पाकिटंही मीच छापतो.

सुधाताई त्रेपन्न वर्षांच्या. यजमान गेल्यावर घरच्या घरी मेतकूट आणि भाजणी विकायला सुरुवात केली, आणि आठ-दहा वर्षांत दुकान, मागे भट्टी, हाताखाली माणसं, एवढं उभं केलं. बोलायला फटकळ आणि मापाला पक्क्या.

बेळे हात जोडून म्हणाले, "महाराज, गायधनी वहिनींचं काय चाललंय?"

महाराजांनी परातीत पाहिलं. भुवया वर गेल्या, खाली आल्या. पोटातून एक हुंकार निघाला. त्यांच्या मागे लखन नावाचा शिष्य मोरपिसाने वारा घालत होता, तो थांबला.

"दिसतंय," महाराज म्हणाले. "डोंगर दिसतोय. डोंगरावरून धान्य उतरतंय. काळपट, तांबूस, मोहरीएवढं. स्त्रीच्या हाती चक्र फिरतंय. गोल, काटेरी चक्र."

दरबार श्वास रोखून होता. मी मात्र हातातला गठ्ठा खाली ठेवला. कारण आदल्याच आठवड्यात सुधाताईंनी मला दार लोटून घेऊन सांगितलं होतं की दसऱ्याला त्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, चकलीची भाजणी बाजारात आणणार आहेत, पाकीट छापायचंय, आणि कुणाला सांगायचं नाही. मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. काटेरी चक्र म्हणजे चकली, हे बेळ्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांनी तिथल्या तिथे महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं.

गणपती उठले आणि बेळ्यांची 'डोंगरी नागली चकली भाजणी' रविवार कारंजावर झळकली. पाकीट दुसऱ्या प्रेसमध्ये छापलं होतं, माझ्यापासून लपवायला.

सुधाताई माझ्याकडे आल्या आणि खुर्चीत न बसता उभ्या राहूनच बोलल्या. नागलीची गोष्ट चार माणसांना माहीत होती: त्या स्वतः, हिशेब बघणारी मोहिनी, भट्टीवरच्या कुसाबाई आणि मी. त्यातलं बेळ्यांकडे कोण गेलं, एवढंच त्यांना हवं होतं. मी शपथ घ्यायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. शपथा त्यांना चालत नसत. मग मी दरबारात पाहिलं ते सांगितलं.

त्या हसल्या. परातीत चकली दिसली म्हणे. त्यांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आणि गंमत बघा, विश्वास नव्हता म्हणूनच पुढचा घोटाळा झाला. परातीत काही दिसत नाही, म्हणजे कुणीतरी जाऊन सांगतं, असा सरळ हिशेब त्यांनी केला. आणि दुकानात दर्पणानंदांचा गंडा मनगटावर बांधणारं एकच माणूस होतं. कुसाबाई.

कुसाबाई पहिल्या दिवसापासून सुधाताईंच्या भट्टीवर होत्या. भाजणीचं धान्य किती तांबूस झालं की उतरवायचं, हे त्यांचं काम. पाठदुखीसाठी त्या दरबारात एकदोनदा गेल्या होत्या, तो गंडा तिथलाच. सुधाताईंनी त्यांना काही विचारलं नाही. ओरडल्याही नाहीत. फक्त भट्टीची किल्ली मागून घेतली आणि नवीन मालाचं बोलणं निघालं की कुसाबाईंना काहीतरी आणायला बाहेर पाठवायला लागल्या. माणसाला कळायला एवढं पुरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुसाबाई कामावर आल्या नाहीत, आणि मग आल्याच नाहीत.

आता गळती थांबेल असं सुधाताईंना वाटलं. पण बेळ्यांचा हात थांबेना. सातपूरच्या एका कारखान्याला दिवाळीचा फराळ पुरवायचं बोलणं सुधाताईंचं होत आलं होतं, तिथे बेळे आदल्या दिवशी जाऊन भाव सांगून आले. कुसाबाई गेल्यावरही परातीला सगळं दिसतच होतं. इथे खरं तर सुधाताईंनी थांबून विचार करायला हवा होता. त्यांनी केला नाही. संशय बसायला क्षण लागतो, उठायला फार वेळ लागतो.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी परातीने कळस केला. त्या दिवशी मी पुन्हा तिथे होतो, कारण महाराजांना दिवाळीची पत्रकं हवी होती. बेळ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. महाराज परातीवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग दचकल्यासारखे मागे सरले.

"हरी हरी," ते म्हणाले. "या वयात."

बेळ्यांनी काकुळतीने विचारलं की काय दिसलं.

"पती दिसतोय. नवा पती. दिवाळीच्या मुहूर्तावर आणणार. बोलणी झाली, सगळं ठरलं, पण चोरून. कुणाला कळू द्यायचं नाही असा तिचा बेत आहे."

लखनने मोरपीस वेगाने हलवलं, जणू महाराजांना घाम फुटलाय. दरबारात कुजबुज उठली ती गल्लीत गेली, गल्लीतून भाजीबाजारात, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास माझ्या प्रेसमध्ये बाइंडिंगच्या माणसाने मला सांगितलं की गायधनीबाई लग्न करताहेत, नवरा सुरतेचा सुक्या मेव्याचा व्यापारी आहे. सुरत आणि सुका मेवा ही नाशिककरांनी स्वतःच्या पदरची भर घातली होती.

त्या आठवड्यात सुधाताईंचं काय झालं ते मी जवळून पाहिलं. दोन महिला मंडळांनी फराळाची ऑर्डर काढून घेतली. कारण विचारलं तर 'यंदा घरीच करायचं ठरलंय' म्हणाल्या. दिरांनी येऊन, चहा पिऊन, गायधनींच्या नावाचं दुकान पुढे कुणाकडे जाणार याची गोड चौकशी केली. मुलगा मयुरेश बंगलोरला होता. त्याने फोन करून नुसतं 'आई, तू मला सांगायचं तरी' एवढंच म्हटलं. तो फोन ठेवल्यावर सुधाताई पहिल्यांदा आमच्या घरी येऊन रडल्या.

रडणं आवरल्यावर माझ्याकडे बोट दाखवून बायकोला म्हणाल्या, "लग्न करायचं असतं तर मी केलं असतं, आणि पत्रिका यांच्याकडे छापली असती. त्या परातवाल्याची परवानगी मला कशाला लागते? मला राग याचा आहे की माझ्या मनातलं जे काही नाही, तेसुद्धा आता याला दिसायला लागलंय."

माझी बायको मृण्मयी शाळेत मराठी शिकवते. ती तेव्हा सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं की महाराज नेमकं काय म्हणाले. नवरा म्हणाले, लग्न म्हणाले, की पती म्हणाले?

मी म्हटलं, पती. नवा पती आणणार, असं.

"आणणार," मृण्मयी म्हणाली. "नवरा कुणी आणतं का? नवरा करतात. आणतात ती वस्तू. सुधाताई, दिवाळीला तुम्ही नवीन काय आणताय?"

सुधाताईंनी विचार केला. नवीन काही नाही. मग म्हणाल्या की दुकानाची पाटी तेवढी नवीन येणार आहे, आतून दिवा लागणारी. ऑर्डर दिलीय, पण सगळ्यांना एकदम दाखवायची म्हणून बोलल्या नाहीत.

मृण्मयीने समोरच्या उत्तरपत्रिकेच्या मागे इंग्रजी अक्षरं लिहिली. पी, ए, टी, आय. आणि कागद सुधाताईंपुढे सरकवून वाचायला सांगितलं.

"पाटी," सुधाताई म्हणाल्या.

तिने तो माझ्याकडे वळवला. माझ्या डोक्यात नवराच होता. मी वाचलं, "पती."

मृण्मयीला हसू आवरेना. तिचे विद्यार्थी मोबाइलवर असंच मराठी लिहायचे आणि मग परीक्षेत त्यांचे काने नि ऱ्हस्व-दीर्घ गायब व्हायचे, त्यामुळे हा रोग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. ती म्हणाली, "डोळ्यांनी बघणाऱ्याला पाटीच्या जागी नवरा दिसेल का? एक दिव्याचा फलक आणि एक माणूस. कानांनी ऐकणाराही चुकणार नाही. ही चूक फक्त वाचणारा करतो, आणि तेही इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचणारा. तुमच्या दुकानातलं कुणीतरी हे असं कुठेतरी लिहितंय, आणि महाराज ते वाचताहेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात बसलो आणि सुधाताईंनी मोहिनीला समोर बोलावलं. मोहिनी हरसूलच्या डोंगराळ भागातली, बी. कॉम. झालेली, नाशिकमध्ये खोली घेऊन राहणारी. नागलीची कल्पना तिचीच होती. तिला विचारलं की ती असं काही कुठे लिहिते का. तिने भाबडेपणाने सांगितलं की लिहिते ना, ऑर्कुटवर.

ज्यांना ते दिवस आठवत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ऑर्कुट म्हणजे संगणकावरची एक मोठी चावडी होती. तिथे प्रत्येकाचं आपलं पान असे, त्यावर फोटो, गाव, नोकरी, आणि खाली एक वही, तिला स्क्रॅपबुक म्हणत. मैत्रिणी एकमेकींच्या वहीत चार ओळी खरडून जायच्या. खरडणाऱ्याला वाटे आपण मैत्रिणीच्या कानात बोलतोय. प्रत्यक्षात ती वही त्या काळी सताड उघडी असायची. ऑर्कुटवर नाव असलेला कुणीही यावा आणि वाचून जावा. एसटी स्टँडवर मोठ्याने बोलावं तसं.

मोहिनीची मैत्रीण इगतपुरीला होती. दोघी रोज सायबर कॅफेत जाऊन एकमेकींना लिहायच्या. आम्ही मोहिनीबरोबर जाऊन तिचं सगळं लिखाण वाचलं. त्यात 'आमच्या गावची नागली' होती, चकली होती, सातपूरचा कारखाना होता. आणि दसऱ्यानंतरची ओळ होती: काकू दिवाळीला नवीन पाटी आणणार, ऑर्डर पण दिली, सगळं ठरलंय, कुणाला सांगू नकोस, सरप्राइज आहे.

महाराजांनी जवळजवळ शब्दशः हेच सांगितलं होतं. फक्त पाटीला मिशा फुटल्या होत्या.

मोहिनीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "म्हणजे कुसामावशी माझ्यामुळे गेल्या." सुधाताई उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

ऑर्कुट आणखी एक गोष्ट दाखवायचं. आपल्या पानावर नुकतंच कोण डोकावून गेलं, त्यांची नावं. मोहिनीच्या पानावर रोशनी नावाची कुणी मुलगी दर एक-दोन दिवसांनी येऊन जात होती. रोशनीच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल होतं. बोलत कुणाशीच नव्हती. मोहिनीने ओळखीच्यांत चौकशी केली. टाइल्सच्या दुकानातला एक, कॉलेज रोडच्या एका क्लासमधली दोघं, एका बेकरीतला एक. ज्यांचे ज्यांचे मालक परातीत दिसले होते, त्यांच्या नोकरांच्या पानावर गुलाबाचं फूल येऊन गेलं होतं.

मी म्हटलं, झालं, आता खोटं काहीतरी लिहू आणि महाराजांच्या तोंडून वदवून घेऊ. मृण्मयीने ते मोडून काढलं. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, नाहीतर तो म्हणेल, यांनी मला फसवलं. जे खरं आहे तेच लिहायचं, आणि त्याला ते त्याच्या पद्धतीने वाचू द्यायचं. तिने दोन दिवस शब्द शोधले. मग एक दिवस शाळेतून येताना तिने सुधाताईंना कुंभारवाड्यातून एक भला मोठा माठ आणायला सांगितला.

ऑक्टोबरचं ऊन तापत होतं. सुधाताईंनी दुकानापुढे तिवईवर माठ बसवला, वाळा घातलेलं पाणी भरलं, झाकणीवर ओगराळं ठेवलं. पंडित कॉलनीतून येणारे-जाणारे थांबून पाणी पिऊ लागले. आणि मोहिनीने इगतपुरीच्या मैत्रिणीला लिहिलं: काकूंनी दुकानापुढे मोठा माठ बसवलाय. लोकांची रांग लागते. काकू स्वतः सगळ्यांना पाणी देतात. लोक आशीर्वाद देऊन जातात.

शब्दन् शब्द खरा होता. फक्त तो इंग्रजी अक्षरांत होता, आणि माठ होता एम, ए, टी, एच.

गुरुवारी मी आणि मृण्मयी दरबारात मागे भिंतीला टेकून बसलो. दिवाळी आठवड्यावर आलेली, गर्दी अशी की दारात चपलांवर चपला. बेळे पुढे होतेच. त्यांनी प्रश्न विचारला. महाराजांनी परातीत पाहिलं, आणि या वेळी त्यांचा चेहरा खरोखरच बदलला. आजवर त्यांना दुसऱ्याचे प्रतिस्पर्धी दिसत आले होते. आज त्यांना स्वतःचा दिसला.

"मठ!" ते गरजले. "त्या बाईने मठ बसवलाय. मोठा मठ. दुकानापुढे! भोळ्या लोकांची रांग लागते, आणि ती तीर्थ म्हणून साधं पाणी पाजते. आशीर्वादाचा बाजार मांडलाय. ज्याला साधना नाही, सिद्धी नाही, त्याने लोकांना नादी लावावं, हा धर्म नव्हे. असल्या भोंदूंपासून सावध राहा."

हे शेवटचं वाक्य मी आजही लोकांना ऐकवतो. त्याइतकं खरं वाक्य त्या दरबारात दुसरं कुणी बोललं नव्हतं.

मृण्मयी उठून उभी राहिली. शाळेत मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज तिला आहे. तिने शांतपणे विचारलं की महाराज, तुम्हाला मठ स्पष्ट दिसतोय ना? महाराजांनी सांगितलं की हाताच्या रेषांइतका स्पष्ट. मग तिने त्याचं वर्णन विचारलं. भगवं निशाण आहे, महाराज म्हणाले, गादी आहे, तिच्यावर ती बाई बसलेली आहे. तेव्हा मृण्मयी लोकांकडे वळून म्हणाली की पंडित कॉलनी काही फार लांब नाही, सगळे मिळून बघून येऊ या. खरंच मठ असेल तर ती स्वतः महाराजांचा गंडा बांधेल.

व्यापारी माणूस फुकटचा तमाशा सोडत नाही. चाळीस-पन्नास स्कूटरी निघाल्या. बेळे सर्वांत पुढे. महाराज आले नाहीत, समाधीची वेळ झाली होती. लखनला मात्र त्यांनी पाठवलं.

दुकानापुढे सुधाताई उभ्या होत्या. तिवईवर माठ होता. निशाण नव्हतं, गादी नव्हती. बेळ्यांनी दुकानात डोकावून पाहिलं, मागे भट्टीपर्यंत जाऊन आले. मग विचारलं, "वहिनी, मठ कुठाय?"

"मठ माहीत नाही," सुधाताई म्हणाल्या. "माठ हा आहे. उन्हातून आलात, पाणी घ्या."

मृण्मयीने दुकानाच्या पायरीजवळच्या काळ्या फळीवर, जिथे रोजचे भाव लिहायचे, तिथे खडूने ती चार इंग्रजी अक्षरं लिहिली आणि जमलेल्यांना वाचायला सांगितलं. कुणी माठ म्हणालं, कुणी मठ. क्लासवाल्याने तर गणित म्हटलं. हशा पिकला. मग तिने पाटी आणि पतीची गोष्ट सांगितली. मोहिनी पुढे आली आणि आपण काय लिहिलं, कुठे लिहिलं, ते तिने स्वतः वाचून दाखवलं. तिने काही गाळलं नाही.

एकाने शंका काढली की नाशिकात एवढी दुकानं, एवढी माणसं. महाराजांना नेमकं कुणाचं पान उघडायचं ते कसं कळायचं?

उत्तर बेळ्यांनीच दिलं. त्यांचा चेहरा पडला होता. "आम्हीच सांगायचो," ते म्हणाले. "पहिल्या भेटीत लखन विचारून घ्यायचा. समोरच्याचं दुकान, तिथल्या नोकरांची नावं, गाव, वाढदिवस. ग्रहदशा बघायला लागतात म्हणे."

सगळ्यांनी लखनकडे पाहिलं. तो पळून गेला नाही. पळायला जागाही नव्हती. त्याने माठातलं पाणी घेतलं, प्यायला आणि मग सांगून टाकलं. तो मनमाडच्या रेल्वे कॉलनीतला. दरबारामागच्या खोलीत संगणक होता. गुलाबाचं फूल म्हणजे रोशनी, म्हणजे तोच. बुधवारी तो सगळी पानं वाचून महाराजांना सांगायचा. महाराज त्याला डोंगर, चक्र आणि हुंकार चढवायचे. घरी हिंदी बोलणं, शाळा इंग्रजी; त्याला पाटी आणि पतीतला फरक वाचून समजत नव्हता, आणि महाराजांनी कधी विचारलं नव्हतं.

बेळे सुधाताईंपुढे येऊन उभे राहिले. नवऱ्याची गोष्ट त्यांनीही गावभर सांगितली होती. ते म्हणाले की चुकलं. सुधाताईंनी त्यांना सांगितलं की जिथे जिथे ती गोष्ट सांगितली, तिथे तिथे जाऊन ही पण सांगा. बेळ्यांनी ते केलं, हे मला कबूल करायला हवं. एका महिला मंडळाने ऑर्डर परत दिली, दुसऱ्याने नाही. सुधाताईंनी त्याच संध्याकाळी मयुरेशला फोन लावला, आणि यावेळी बराच वेळ बोलल्या.

महाराजांची समाधी लांबली ती अशी की पुढच्या गुरुवारी खोलीला कुलूप होतं. आता ते गुजरातच्या बाजूला कुठेतरी आहेत असं ऐकतो. लखनला बेळ्यांनी नोकरीवर ठेवलं. "परात सोड," ते त्याला म्हणाले, "नुसतं वाच, आणि जे लिहिलंय तेच सांग." तो अजून तेच काम करतो, महिन्याच्या पगारावर. त्यात चमत्कार काही नाही, आणि लोक उघड्यावर लिहितात तोवर चोरीही फारशी नाही. फक्त सुधाताईंच्या दुकानात आता एक नियम आहे: धंद्याचं बोलणं वेशीबाहेर जायचं नाही, मग ती वेस काचेच्या पडद्याची का असेना.

राहिल्या कुसाबाई. त्या फुलेनगरात राहायच्या. सुधाताई गेल्या तेव्हा मोहिनी बरोबर होती, आणि मलाही त्यांनी नेलं, बहुतेक एकटीने जायचा धीर होत नव्हता म्हणून. कुसाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. मनगटावर गंडा नव्हता. मोहिनी त्यांच्या पाया पडली आणि तिने सगळं सांगितलं. सुधाताईंनी माफी मागितली, सरळ शब्दांत, काही सबब न सांगता.

कुसाबाईंनी ऐकून घेतलं. हात तांदळात चालूच होता. मग म्हणाल्या, "म्हाराज खोटा व्हता ते बरं झालं उघडं पडलं. त्याला मी काय वळखत व्हते? पाठ दुखली म्हून गेले. पर ताई, तुम्ही मला वळखत व्हता. तुम्ही मला यकदा इचारलं का नाय?"

सुधाताई म्हणाल्या, "आता विचारते. परत येशील का?"

"दिवाळी झाली की सांगते," कुसाबाई म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

त्या दिवाळीला सुधाताईंनी भाजणी स्वतः भाजली. थोडी जास्त तांबूस झाली.

कुसाबाई आल्या, पण पाडव्याला नाही, थेट तुळशीच्या लग्नानंतर. येऊन पहिलं काम केलं ते भट्टीची किल्ली मागून घेतली.

महाराजावर विश्वास ठेवणारे फसले, ते सगळ्यांनाच दिसलं. पण त्याच्यावर विश्वास नसलेली, शिकलेली, फटकळ बाईही एका निरपराध माणसाला घालवून बसली, हे दिसायला वेळ लागला. 'मला दिसतं' म्हणणाऱ्याला 'तुला कुठून कळलं' हे कुणी विचारलं नाही, आणि जिच्यावर संशय होता तिलाही कुणी काही विचारलं नाही. भोंदूचं पोट याच न विचारण्यावर भरतं. त्याला आपली श्रद्धाच लागते असं नाही, आपलं मौनही पुरतं. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे: विचारा. बाबाला विचारा, पोरांना विचारा, शेजाऱ्याला विचारा, आणि ज्याचा राग आलाय त्याला तर आधी विचारा. तोंडावर, दिवसाढवळ्या, चार लोकांत. फार तर समोरचा चिडेल. चिडलेला माणूस उद्या समजूत घालून परत आणता येतो. न विचारता घालवलेला परत येईलच, असं काही नाही.